इटलीच्या बाटल्या आणि माझं एक खोटं

दाजी, सोमवारी तुम्हाला बसवलं. आपल्या लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत, बसवूनच माती देतात. तुम्ही त्या खड्ड्यात भिंतीला टेकून बसलात ते थेट पेपर तपासायला बसायचात तसे. कपाळाला विभूती, मांडीवर बेल, मान जराशी डावीकडे. स्वामी मंत्र म्हणत होते आणि मला वाटत होतं, आता तुम्ही म्हणणार, "नंदा, सरक की जरा. उजेड अडवून राहिलीस."

संध्याकाळी शोकसभा झाली. तुमचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. डॉक्टर, इंजिनियर, एक तहसीलदार. सगळ्यांना तुम्ही फळ्यावर काढायचात तो उतारावरचा ठोकळा आठवत होता. कुणी तुमचा आवाज काढून दाखवला, लोक हसले, मग रडले. वाइनचं नाव कुणीच काढलं नाही. परदेशातून येताना स्वेटरात गुंडाळून ज्यांनी तुम्हाला बाटल्या आणून दिल्या तेही तिथंच होते, सतरंजीकडं बघत. मला उभं केलं तेव्हा मी म्हणाले, "दाजींनी मला शिकवलं," आणि बसले. काय शिकवलं ते सांगितलं नाही. लोक धरून चालले, बारावीचं फिजिक्स.

भूकंपाच्या वर्षी अक्का तुमच्या राणीला घेऊन गौरी-गणपतीला माहेरी आली होती. किल्लारीच्या जवळ आपलं गाव, तिथं माझे आईबाप, अव्वा आणि अप्पा. राणी तीन वर्षांची. मी बारावीला, लातूरला होस्टेलवर. तुम्ही विसर्जनाला गावी जाणार होतात, पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुम्हीच मुलांचा जादा तास ठेवला होता. बोर्डात लातूरचे नंबर यायला लागले होते, प्रत्येक मास्तरला आपल्या वर्गातला एक हवा होता. तुम्ही राहिलात. पहाटे जमीन हलली. जादा तास काही झाला नाही.

अव्वा गेली, अक्का गेली, राणी गेली. अप्पा शेतात जागलीला होते म्हणून वाचले. आपण दोघं ट्रकमधून पोचलो तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं ते कळत नव्हतं. दगड आपण हातांनी उचलले. त्याच्यापुढचं मी लिहीत नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत. एकदाच, फार वर्षांनी, म्हणालात, "सहाऐवजी दहाला ठेवला असता तास, तर मी गेलो असतो." मी म्हणाले, "मग तुम्हीपण गेला असता." तुम्ही म्हणालात, "तेच म्हणून राहिलो."

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना तुम्हाला वास यायचा बंद झाला. कुणाला कळलंच नाही. इतक्या चिता, तो पाऊस, ती ब्लीचिंग पावडर, त्यातून बाहेर येताना नाक मागेच राहिलं. पुढ्यात येईल ते खायचात. भाजी विटलेली आहे हे दुसऱ्यानं सांगावं लागायचं.

आणि मग तो इटालियन इंजिनियर आला. घरं का पडली ते बघायला परदेशांतून माणसं येत होती, त्यांतला एक. साठीचा, बुटका, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नाव वित्तोरिओ. गावातली माणसं त्याला विठोरी साहेब म्हणायची. तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून तुम्ही त्याचे दुभाषी झालात. भिंतीत दगड कसे रचले होते, लाकूड कुठं होतं, छतावर माती किती होती, हे तो विचारायचा आणि ज्यांची माणसं त्या भिंतीखाली गेली त्यांना तुम्ही ते मराठीत विचारायचात.

एकदा दुपारी स्टोव्हवर दूध करपलं. शेडभर धूर. तुम्ही शेजारीच बसून कागद लिहीत होतात. विठोरी साहेबानं धावत येऊन पातेलं उतरवलं आणि तुमच्याकडं बघत राहिला.

"तुला वास येत नाही?"

तुम्ही म्हणालात, "काय माहीत. लक्षात आलं न्हाई."

मग त्यानं सांगितलं. नेपल्सच्या मागं डोंगरात त्याचं गाव. तिथंही असाच भूकंप झाला होता, त्यात त्याची आई गेली. दोन वर्षं त्याला ना कॉफीचा वास आला, ना पावसाचा. त्यानं बॅगेतून एक बाटली काढली. तुम्ही गळ्यातलं लिंग हातात धरून दाखवलंत, "आमच्यात चालत न्हाई." तो म्हणाला, "पिऊ नको. नुसती हुंग."

चार दुपारी त्यानं स्टीलच्या पेल्यात दोन-दोन घोट ओतले आणि तुमच्यापुढं ठेवले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "राख."

"आणखी?"

"आलूबुखारा. वाळलेला."

आणि तुम्ही पेला ठेवून शेडबाहेर जाऊन बसलात. राणीच्या टाळूवर घालायचं तेल आलं नाकात, असं तुम्ही मला सांगितलंत. ते त्या वाइनमध्ये नव्हतं. पण दार उघडलं की कोण आत येईल ह्यावर आपली सत्ता नसते. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा रडलात. त्या दिवशी पहिल्यांदा प्यायलातही, एक घोट. तुरट होती, म्हणालात, हिरव्या सुपारीसारखी. वाइनचं नाव ताउराझी, द्राक्षाचं आलियानिको. त्या साहेबाच्याच डोंगरातली.

वर्षभरानं अप्पांनी चार जाणती माणसं बोलावली आणि त्याच शेडमध्ये बैठक बसवली. तुम्ही एकटे, मी बिनआईची. भूकंपानंतर अशी कितीतरी लग्नं लागत होती, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी पडद्याआड भाकरी थापत होते. अप्पा म्हणाले, "नंदाला तुमच्याच पदरात घाला म्हणतो."

 तुम्ही म्हणालात, "मामा, पोरगी मला दाजी म्हणती. तेच ऱ्हाऊ द्या. तिला शिकवायचं माझ्याकडं लागलं."

मी सुटले. आणि दोन दिवस तुमच्यावर धुमसत होते. दोन्ही खरं आहे. अठरा वर्षांच्या मुलीला नको म्हटलेलं कळतं, ते तिच्या भल्याचं आहे हे कळायला वेळ लागतो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

तुम्ही मला शिकवलंत. लातूरला बी. एस्सी., नांदेडला केमिस्ट्रीत एम. एस्सी., मग नांदेडच्याच कॉलेजात नोकरी, पुढं तिथंच लग्न. नोकरीचा पेढा घेऊन मी लातूरला आले तो रविवार होता. तुमच्या दोन खोल्या, दार नेहमीसारखं सताड उघडं. टेबलावर बशा मांडल्या होत्या. एकीत चिंच, एकीत जिरं, एकीत डाळिंबाची साल, एकीत भिजवलेली माती, एकीत जुन्या वहीचं पान. तुम्ही म्हणालात, "डोळे मीट. तुझं नाक बघू."

मी सगळं ओळखलं. वहीचं पानसुद्धा. तुमचा चेहरा पोराचा नंबर आल्यासारखा झाला. मग काचेच्या पेल्यात माझी पहिली इटालियन वाइन, कियांती. तुमच्या कुठल्या विद्यार्थ्यानं आणलेली. मी घाबरत हुंगली आणि म्हणाले, "गाभुळलेली चिंच."

"चिंच कशी असंल? डाळिंबाची साल हाय."

"चिंचच हाय, दाजी."

हा वाद तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. वाइनच्या पुस्तकात तिथं चेरी लिहिलेलं. लातुरात चेरी कुणी बघितली होती? केकवरची लाल गोळी तेवढी. तुम्ही म्हणालात, त्यांच्या फळांची नावं पाठ करण्यात काय मतलब, आपली नावं ठेवू. मग मी येईन त्या रविवारी आपण ती ठेवली. सोआवेला बदामाची साल. मोस्कातोला मोसंबीचा बहर. ती पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी पेला परत पुढं केला आणि तुम्ही म्हणालात, "ही गोड म्हणून आवडली तुला. अजून बालवाडीत हायस." बारोलोला तर दोन दुपारी नाव सापडेना. रंग इतका फिका की मला वाटलं पाणी घातलंय, आणि तोंडात घेतली तर हिरड्या आवळून आल्या. पुस्तक म्हणत होतं डांबर आणि गुलाब. आपल्याला पटेना. मग चाकूरजवळ रस्त्याचं काम चाललं होतं तिथं एसटी थांबली, पुढच्या सीटवर नवरीची हाराची पिशवी होती, खिडकीतून गरम डांबराचा वास आला, आणि मी बसमध्ये एकटीच मोठ्यानं म्हणाले, "हीच की!" घरी पोचल्या पोचल्या मी तुम्हाला फोन केला. तुम्ही इतके हसलात. भूकंपानंतर तुम्हाला तसं हसताना मी तेव्हाच ऐकलं.

उन्हाळ्यात लातुरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं आणि तुम्ही बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायचात, फडक्याचं पाणी खाली पातेल्यात धरायचात, ते झाडाला. भिंतीवर इटलीचा नकाशा. जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं द्राक्ष, वेगळं नाव, शेजारचं गाव दुसऱ्याच्या वाइनला नावं ठेवतं, ह्याचं तुम्हाला फार कौतुक. "आपल्याकडं ज्वारीचं असंच की," म्हणायचात. "किल्लारीची भाकरी जळकोटला चालती का?" भरल्या वांग्याबरोबर बार्बेरा चालते हे तुमचं म्हणणं. ठेच्याबरोबर कुठलीच चालत नाही हे माझं. तुम्ही हट्टानं ठेचा घ्यायचात, वर घोट घ्यायचात, डोळ्यांत पाणी यायचं आणि म्हणायचात, "चालती." पेला कधी दुसऱ्यांदा भरला नाहीत तुम्ही. हे मी लोकांना सांगायला पाहिजे होतं.

तोवर लातूर बदललं होतं. चौकाचौकात क्लासचे फलक, मुलांचे फोटो, त्यांच्या मार्कांच्या वर मास्तरांचे फोटो. तुम्ही ज्या क्लासात शिकवायचात त्यांनी तुमचा फोटो रस्त्याकडच्या भिंतीवर एक मजला उंच लावला होता. तुम्ही त्या रस्त्यानं जायचं सोडून दिलं होतंत. जिल्ह्याजिल्ह्यातून आईबाप पोरांना घेऊन खोल्या करून राहायला येत होते. त्यांतलेच एक पालक एका रविवारी मुलाच्या मार्कांचं विचारायला तुमच्या दारात आले. टेबलावर बाटली, दोन पेले, समोर मी. तुम्ही म्हणालात, "या, बसा." ते बसले नाहीत.

आठ दिवसांत गोष्ट सगळीकडं झाली. सर पितात. मेहुणी येते. दार लावून घेतात. दार तुम्ही कधी लावलं नाहीत, दाजी, पण गोष्टीत ते लागलं.

क्लासवाल्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, औषध होतं म्हणा, डॉक्टरांनी दिलंय म्हणा, आम्ही निभावून नेतो. तुम्ही म्हणालात, "औषध न्हाई. वाइन हाय, इटलीची. मला आवडती." दुसऱ्या दिवशी भिंतीवर तुमच्या जागी दुसरे सर होते.

तुम्ही तडक नांदेडला आमच्या घरी आलात. गोष्टीत माझं नाव होतं, म्हणून माझ्या नवऱ्याला स्वतः खुलासा करायला. दुपारचे चार. सासूबाई पाटावर गहू निवडत होत्या. ह्यांनी तुम्हाला पाणी दिलं. साडू असून तुम्ही ह्यांना जावईच म्हणायचात. तुम्ही म्हणालात, "जावईबापू, मी पितो ते खरं हाय. बाकीचं खोटं हाय."

हे माझ्याकडं वळले. "आणि तू घेतीस का गं तिथं?"

सासूबाईंचा हात गव्हात थांबला.

मी म्हणाले, "न्हाई. मी कधी हातपण लावला न्हाई."

मी तुमच्याकडं बघितलं नाही. पण तुमचा आवाज ऐकला. "तिला तर वासच आवडत न्हाई," तुम्ही म्हणालात. "तोंड फिरवून बसती."

ज्या माणसानं स्वतःसाठी एवढंसं खोटं बोलायचं नाकारलं आणि त्यापायी वर्ग गमावला, त्यानं माझ्यासाठी ते क्षणात बोलून टाकलं. तुम्ही पाणी प्यायलात, पेला खाली ठेवलात, "येतो," म्हणालात. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही.

त्यानंतर मी रविवारचं येणं बंद केलं. आधी म्हटलं, गोष्ट थंड होऊ दे. मग पोरीची शाळा, मग सासूबाईंचं दुखणं, आणि मग त्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं हे. तुम्ही घरीच आठ-दहा मुलं शिकवायला लागलात. दिवाळीला फोन, पाडव्याला फोन. एकदा मी धीर करून म्हणाले, "दाजी, त्या दिवशी मी..." तुम्ही मध्येच विचारलंत, "नंदा, मोसंबीला बहर आला का गं तिकडं?" मी म्हणाले, "आला." तुम्ही म्हणालात, "बरं." मला वाटलं, तुम्ही मला माफ केलं आणि विषय मिटवला. आता वाटतं, तुम्ही मला जवळ बोलावत होतात. कुठलं खरं ते तुम्हीच सांगू शकला असता.

आणि मग तो फोन आला. शेजाऱ्यांचा. सकाळी मुलं आली, दार उघडंच होतं, सर खुर्चीत बसलेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. डॉक्टर नेहमी असंच म्हणतात.

काल विधी आटोपल्यावर तुमच्या खोल्या आवरायला आम्ही तिघंच होतो, अप्पा, हे आणि मी. अप्पा आता ऐंशीचे झालेत, तुमच्याआधी आपण जायला पाहिजे होतं हे दर तासाला म्हणतात. फिजिक्सच्या पुस्तकांमागं फळीवर बाटल्या निघाल्या, आडव्या, नीट रचलेल्या. अप्पांनी कपाळाला हात लावला. "नंदा, मोरीत ओत त्या. लोक यायच्या आधी. मेल्या माणसाची इज्जत ऱ्हाऊ दे."

मी एक बाटली उचलली, मोरीपाशी गेलेही. आणि मला ते झालं नाही, दाजी. मी परत आले, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अप्पा, इथं आलेल्या निम्म्या बाटल्यांतलं मी प्यायलेय. दाजींच्या बरोबर बसून. मला आवडायची."

अप्पांना नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. मी वाट बघत होते. नऊ वर्षं ज्या क्षणाला भ्याले तो आला होता आणि खोलीत दुसरं काहीच होत नव्हतं.

हे पुस्तकांना दोरी बांधत होते. गाठ मारत म्हणाले, "मला ठाऊक हाय की."

"काय ठाऊक हाय?"

"लातूरहून यायचीस तेव्हा वास यायचा तोंडाला. वेलदोडा खाल्ला तरी यायचा. आणि त्या रविवारी तू लई खुशीत असायचीस. स्वयंपाक करताना गुणगुणायचीस."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलंत कशाला?"

"आई ऐकून राहिली होती. म्हटलं, तू हो म्हण, मी म्हणतो असू दे, एकदाचं मिटंल. तू न्हाई म्हणालीस. आता तुला आईसमोर खोटं पाडू का?"

"आणि मी जायचं बंद केलं तेव्हा?"

ह्यांनी दोरी खाली ठेवली. "मला वाटलं, तुझं आणि दाजींचं काहीतरी बिनसलं. तू सांगितलं न्हाईस, मी विचारलं न्हाई." मग बाटलीकडं बघून म्हणाले, "ह्या नांदेडला न्यायच्या का? मग जुन्या साड्यांत गुंडाळ. रस्ता खराब हाय."

अप्पा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी साड्या आणायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि तिथंच खाली बसले.

लातूर-नांदेड साडेतीन तासांचा रस्ता, दाजी. सकाळपासून एसट्या सुटतात. नऊ वर्षांतल्या कुठल्याही रविवारी मी स्टँडवर जाऊन बसू शकले असते. मी तुम्हाला सांगत होते, स्वतःला सांगत होते, की घरचे आहेत, लोक आहेत, मला येता येत नाही.

मला कुणी अडवलंच नव्हतं.